केप फुटते, बार पेटत नाही: मुंबईच्या घरात आलेली ठासणीची जुनी रायफल

मुलुंडहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. आजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची, रायफल संगमेश्वरकडच्या गावातून आता त्यांच्या फ्लॅटमध्ये आली आहे. पीकसंरक्षणाचा परवाना होता, आजोबा गेल्यावर तो वारसाहक्काने रीतसर त्यांच्या नावावर झाला. लॉकच्या, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ अशी अक्षरं आणि १८५८ हे साल आहे. गावी असताना काकांनी भरून दोनदा चाप ओढला, दोन्ही वेळा केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) फुटली पण बार (आत ठासलेली दारू) पेटला नाही. केपेवर आपटणारा घोडा अर्ध्यावर ठेवला तर कधी टिकतो, कधी निसटतो. ठासायचा लोखंडी गज बुडापर्यंत जात नाही असं वाटतं. आणि गेल्या पावसाळ्यात नळीवर तांबूस थर चढला. काय बिघडलं, घरी काय करता येईल आणि पुढे ही वस्तू कशी सांभाळायची, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी ३४ वर्षं मुंबईत परवानाधारक दुकानाच्या बाकावर बसून जुन्या बंदुका उघडल्या आणि जोडल्या. त्या अनुभवावर सांगतो, पण क्रम माझा ठेवतो. कारण तुमच्या प्रश्नातली दोन वाक्यं शेजारी ठेवली आणि मला बाकी सगळं विसरायला झालं. काकांनी बार भरला, तो उडाला नाही. आणि गज बुडापर्यंत जात नाही. तो बार बाहेर काढल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे मुलुंडच्या तुमच्या घरात आत्ता जी बंदूक आहे ती भरलेली आहे, असंच धरून चाला.

काळ्या दारूला वय नसतं. सोरा, गंधक आणि कोळसा हे मिश्रण कोरडं राहिलं तर शंभर वर्षांनीही पेटतं. भिजून पुन्हा सुकलेलीही पेटू शकते. गिरगावातल्या एका कुटुंबाने चाळीस वर्षं दिवाणखान्यात टांगलेली बंदूक माझ्याकडे साफ करायला आणली होती. त्या घरातल्या दोन पिढ्यांची मुलं तिच्याशी खेळली होती. आतून गोळी आणि ओंजळभर नव्हे, पण चांगली चिमूटभर दारू निघाली. ती कागदावर सुकवून दुकानामागे काडी लावली तर भस्सकन पेटली. त्या आजी तिथेच खाली बसल्या. अमेरिकेत १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानातून २७ हजारांहून जास्त बंदुका गोळा केल्या, त्यातल्या सुमारे २४ हजार भरलेल्याच होत्या, आणि अनेकांत एकावर एक दोन बार ठासलेले होते असं नोंदलेलं आहे. ठासणीच्या बंदुकीत हे सहज होतं, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. आधी निपलवर, म्हणजे केप बसते त्या भोकाच्या टोकावर, केप किंवा केपेचा फुटलेला तुकडा नाही ना हे पाहा. घोडा पूर्ण खाली, उघड्या निपलवर टेकलेला असू द्या. तुमचा अर्धा घोडा भरवशाचा नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. मग लोखंडी गजाऐवजी एक सरळ लाकडी किंवा बांबूची काठी दोन बोटांत सैल धरून नळीत अलगद सोडा. ठासायचं नाही, टेकवायची फक्त. नळीच्या तोंडासमोर चेहरा, तळहात किंवा दुसरं माणूस नको. तोंडाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा, काठी बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून नळीला समांतर धरा. रिकाम्या बंदुकीत काठीचं टोक जवळजवळ निपलपर्यंत पोचतं. ते तीन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे. दोन बोटंच कमी पडली तर काजळीचा किंवा गंजाचा थर असू शकतो, पण निर्णय होईपर्यंत तीही भरलेलीच.

आत बार असेल तर ‘एकदा उडवून टाकू’ हा विचार मनातून काढा. दोनदा केप फुटून न पेटलेल्या, गंजलेल्या, कदाचित गोळी वर सरकलेल्या नळीत बार उडवणं म्हणजे नळी फाटण्याला आमंत्रण. ब्रीचचा, म्हणजे नळीचं बूड बंद करणारा, स्क्रू उघडायचा नाही, नळी तापवायची नाही, आत ड्रिल घालायचं नाही. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला आधी फोनवर सांगा की ‘भरलेली आहे’, आणि पोलीस ठाण्याला कल्पना देऊन ती कशी न्यायची ते विचारून घ्या. कारागीर निपल काढून त्या भोकातून दारूत पाणी मुरवतो, एक-दोन दिवस तसंच ठेवतो. मग एकतर गजाच्या टोकाला स्क्रू लावून मऊ शिशात फिरवून गोळी ओढतो, किंवा निपलच्या आट्यांत ग्रीसचं तोंड बसवून गॅरेजातल्या ग्रीसगनने हळूहळू दाब देतो. ग्रीस गोळीला मागून ढकलत तोंडापर्यंत आणतं. त्यात ठिणगी नाही, धक्का नाही. पसारा फार होतो, पण मला हीच पद्धत सगळ्यात आवडते.

कायद्याचं थोडक्यात. परवाना नावावर आहे हे उत्तम, पण पत्ता बदलला असेल तर जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मुंबईत ते काम पोलीस आयुक्तालयातून चालतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या शस्त्रांना सूट आहे असं लोक ऐकून असतात. ती सूट फक्त दुरुस्ती करूनही पुन्हा वापरता येणार नाही अशा शस्त्राला आहे. तुमची त्यात बसत नाही, कारण काकांनी ती भरली होती. साफसफाई, तेलपाणी मालकाने करावं. लॉकचे भाग, नळी, निपल बदलणं हे काम परवानाधारकाकडेच. आणि वस्तू शंभर वर्षांपलीकडची असल्यामुळे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट द्यायचा विचार असेल तर तो सोडा.

आता बंदूक कोणती ते पाहू. मुकुट, ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरची सरकारी खूण) आणि १८५८ वरून ती १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड, म्हणजे ब्रिटिश सैन्याची ठासणीची रायफल, असावी असं वाटतं: ३९ इंची नळी, ती दस्त्याला बांधणारे तीन पट्टे, पितळी तळपट्टी, पितळी चापकडं. मूळ रायफलची नळी ०.५७७ इंचाची, आत गोळीला फिरकी देणारे तीन चर, आणि ते चर ७८ इंचांत एक पूर्ण वळसा घेतात, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ सरळच दिसतात. पण १८५७ नंतर कंपनीच्या जागी राणीचं राज्य आलं आणि हिंदी शिपायांच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यायची नाही असं ठरलं. त्यांच्यासाठी बाहेरून तशीच दिसणारी, आतून गुळगुळीत आणि जास्त रुंद नळीची बंदूक काढली. म्हणून रिकामी झाल्यावर एक बारीक एलईडी दिवा दोऱ्याला बांधून नळीत सोडा आणि चर आहेत का ते बघा. वायव्य सीमाप्रांतात (आता पाकिस्तानात) बनलेल्या नकलांवरही ‘टॉवर’ कोरलेलं असतं. त्यातली इंग्रजी अक्षरं कधी उलटी, कधी वाकडी असतात, कारण कोरणाऱ्याला ती वाचता येत नसत. तशी निघाली तर ती घराण्याची ठेव म्हणून प्रेमाने जपा, पण कधीही उडवू नका.

अर्धा घोडा कधी टिकतो, कधी निसटतो. इथे मी जरा थांबणार आहे, कारण याच तक्रारीवर मी सगळ्यात जास्त चांगल्या बंदुका बिघडलेल्या पाहिल्या. लॉकच्या आत टम्बलर नावाची चकती असते, तिला दोन खाचा. चापाशी जोडलेल्या सिअरचं नाक त्या खाचेत बसतं. अर्ध्या घोड्याची खाच खोल असते, त्यातून चाप ओढूनही घोडा सुटता कामा नये. निसटतो म्हटलं की लोक कानस उचलतात. या भागांचा फक्त वरचा पापुद्रा कडक केलेला असतो, आत मऊ लोखंड. कानस दोनदा फिरली की तो पापुद्रा गेला, मग महिन्याभरात खाच झिजून सपाट. मी विशीत असताना एका सुंदर लॉकचं असं नुकसान केलं. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत, फक्त तो टम्बलर माझ्या खणात कायमचा ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे.

कानशीच्या आधी एक साधी परीक्षा करा. लॉक दस्त्यातून बाहेर काढा आणि हातात धरून घोडा अर्ध्यावर आणा. बाहेर व्यवस्थित टिकला आणि दस्त्यात बसवल्यावर निसटला, तर दोष लोखंडाचा नाही, लाकडाचा आहे. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. दस्त्याचं लाकूड, मग ते विलायती अक्रोड असो की इथे बदललेलं शिसम, फुगतं. लॉकची खोबण आवळली जाते आणि सिअरला खाचेत पूर्ण उतरायला जागाच उरत नाही. मार्चमध्ये हीच बंदूक नीट चालते. ‘कधी टिकतो, कधी निसटतो’ हे तुमचं वाक्य वाचून मला पहिला संशय याचाच आला. दुसरं कारण म्हणजे बाजूचे दोन लांब स्क्रू जास्त आवळलेले असणं. ते अर्धा फेरा सैल करून पाहा. तिसरं, जुनं तेल वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं. हे तर बहुतेक लॉकमध्ये असतंच. बाहेरही टिकत नसेल, तर मात्र खाच झिजली आहे आणि काम कारागिराचं.

लॉक काढण्याचीही रीत आहे. घोडा अर्ध्यावर, आणि टिकत नसेल तर पूर्ण खाली. बाजूचे स्क्रू तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. मग त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलकेच आळीपाळीने ठोका, लॉक दोन्ही बाजूंनी एकसारखं वर उचललं जातं. कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की खोबणीची दीडशे वर्षांहून जुनी धारदार कड तुटते आणि ती परत येत नाही. स्क्रूड्रायव्हर हा स्वतंत्र विषय आहे. नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा कुठलाही चांगला घ्या, पण त्याचं पातं ऑइलस्टोनवर घासून त्या स्क्रूच्या खाचेत अचूक बसेल इतकं सपाट करा. आजच्या पात्याला टोकाकडे उतार असतो, तो खाचेतून सटकतो आणि स्क्रूचं डोकं खातो. काढलेले स्क्रू एकमेकांत बदलू नका. पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढा, जिथला स्क्रू तिथे भोक पाडून खोचून ठेवा. बाहेर काढलेल्या लॉकचा घोडा कधीही मोकळा पाडू नका. निपलवर अडण्याऐवजी तो सगळा मार टम्बलरवर येतो आणि एखादा भाग तडकतो. मोठी स्प्रिंग शिकंज्याशिवाय काढू नका. खरं तर ती काढूच नका. लॉक आहे तसंच रॉकेलमध्ये किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये रात्रभर बुडवा, मऊ दाताच्या ब्रशने मळ काढा, पूर्ण वाळवा आणि सांध्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सुईच्या टोकाने सोडा. इतक्यावर निम्मे लॉक सुधारतात.

मग केप. केप फुटून बार न पेटण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. ठिणगीचा मार्ग निपलच्या बारीक भोकातून उतरतो, नळीच्या बाजूच्या उंचवट्यात काटकोनात वळतो आणि मग दारूपर्यंत जातो. त्या वळणावर काजळी आणि गंज साचतो. गावी बंदूक ठेवताना लोक आत भरपूर तेल सोडतात. ते उतरून नेमकं तिथेच बसतं आणि पहिला बार ओला करतं. रिकामी, साफ केलेली बंदूक आहे याची खात्री झाल्यावर, परवानगीच्या जागी, जुने लोक गवताच्या पात्याकडे तोंड करून नुसती केप फोडत. पातं हललं तर मार्ग मोकळा. दुसरं कारण, निपलचा माथा वर्षानुवर्षांच्या माराने चपटा होतो, केप पूर्ण खाली बसत नाही. पहिल्या मारात ती फक्त खाली दाबली जाते किंवा अर्धवट फुटते. तिसरं, केप चुकीच्या मापाची. एन्फील्डला सैनिकी मोठी केप लागते, टोपीसारखी, चार पाकळ्यांची. शिकारी बंदुकीची छोटी केप त्यावर जबरदस्तीने बसवली तर ती चिरते. आणि चौथं, घोड्याचा मार निपलच्या मधोमध न पडता कडेला पडणं. निपलवर काजळ लावून घोडा हलकेच टेकवा, घोड्याच्या खोलगट तोंडात ठसा कुठे उमटतो ते लगेच दिसेल.

निपलचं भोक मोकळं करायला तांब्याची किंवा पितळेची बारीक तार घ्या. ड्रिल नको. भोक रुंद झालं की बाराचा दाब मागे येतो, केपेचे तुकडे डोळ्यांकडे उडतात आणि घोडा आपोआप अर्ध्यावर फेकला जातो. घोडा असा मागे उडत असेल तर निपल बदलायची वेळ झाली आहे. निपल काढायला तिची चौकोनी चावी लागते, पाना किंवा पक्कड चालत नाही. अडकली असेल तर आत शिरणारं तेल घालून आठवडाभर वाट पाहा, रोज एक थेंब. घाई केली तर निपल आट्यांत तुटते आणि मग खर्च दहापट. परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी सहज निघेल.

गज अडण्याबद्दल एक गोष्ट मुंबईकराला आश्चर्याची वाटेल. काळी दारू जळली की वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घनच राहतो; त्यातला काही धुरातून उडतो, बाकीचा राख म्हणून नळीत मागे राहतो. ही राख हवेतलं पाणी ओढते. देशावरच्या कोरड्या थंडीत ती दगडासारखी कडक होते आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी मध्येच अडते. मुंबईच्या दमट हवेत ती मऊ राहते, ठासायला सोपं जातं. पण हाच दमटपणा त्याच रात्री नळीला गंज चढवतो. गोळी अर्ध्यावर अडली तर तिथून बार कधीही उडवू नये. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की नळी त्या जागी फुगते किंवा फाटते. जुन्या नळीवरून हात फिरवताना एखादी कडी जाणवली, किंवा आत दिव्याच्या उजेडात काळी गोल सावली दिसली, तर ती अशाच चुकीची खूण असते. म्हणून गजावर दोन खुणा हव्यात: रिकाम्या नळीची एक, योग्य भरलेल्या बाराची दुसरी.

गोळीचं शिसं मऊ आणि शुद्ध लागतं. एन्फील्डची लांबट गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असते. बार पेटला की तिचं पोकळ बूड फुलून चरांत बसतं. गाड्यांच्या चाकांची वजनं वितळवून केलेली गोळी कठीण असते, ती फुलत नाही. वंगणाला यंत्राचं तेल नको, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं. मेण आणि प्राणिज किंवा वनस्पतिज चरबीच चांगली चालते. या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे या बातमीनेच १८५७ मध्ये छावण्या पेटल्या, आणि त्या काडतुसांची बंदूक हीच. तुमच्या हातात काय आहे ते यासाठी सांगितलं. आणि एक सक्त सूचना: आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू या नळीत कधीच भरू नका. ही नळी तो दाब झेलू शकत नाही.

साफसफाई ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी करायची. काळ्या दारूची राख तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळते. नुसतं तेल फासून ठेवलेल्या नळीत राख आणि गंज तेलाखाली वाढत राहतात. कोमट पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचे चार थेंब. उकळतं पाणी मी वापरत नाही, त्याने नळी सुकता सुकता लाल होते. पाणी महापालिकेच्या नळाचं घ्या. टँकरचं किंवा बोअरिंगचं घेऊ नका, त्यातले क्षार लोखंडाचे शत्रू आहेत. शिकारी बंदुकीची नळी एक खीळ काढून सहज सुटते, पण एन्फील्डचे तीन पट्टे दर वेळी काढले तर लाकूड झिजतं. म्हणून निपल काढून तिथे आटे असलेली रबरी नळी बसवतात, तिचं दुसरं टोक बादलीत, आणि गजावर कपडा गुंडाळून पिचकारीसारखं पाणी आत-बाहेर खेचतात. कपडा धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा, सिंथेटिक नको. काळं, मग करडं, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत. नंतर कोरडे कपडे, एकामागून एक, बुडापर्यंत. मग पाणी हटवणारं पातळ तेल, ते पुसून जरा घट्ट तेलाचा हलका हात.

त्या रात्री काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी स्वच्छ कपडा पुन्हा फिरवा. त्यावर तपकिरी डाग आला तर राख राहिली आहे, पुन्हा पाणी. मग आठ दिवसांनी एकदा. बंदूक ठेवताना नळीचं तोंड खाली. तोंड वर करून उभी ठेवली की तेल खाली लॉककडे आणि दस्त्यात उतरतं. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं लाकूड काळं पडतं आणि भाकरीसारखं मऊ होतं, त्यात स्क्रू धरत नाही.

नळीवरच्या तांबूस थराला सँडपेपर लावू नका. पॉलिश पेपर, तारेचं चाक, ग्राइंडर यांनी एका दुपारी मुकुट, साल आणि तपासणीचे ठसे पुसले जातात. त्या ठशांखेरीज या बंदुकीची जन्मपत्रिका दुसरी नाही. काळपट तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा थर हा जुना, शांत झालेला गंज आहे. तो राहू द्या. केशरी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा थर जिवंत आहे. त्यावर तेल घालून दोन दिवस थांबा आणि तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा. तांबं लोखंडापेक्षा मऊ असल्यामुळे गंज निघतो, धातू वाचतो. उरलेल्यासाठी सर्वांत बारीक, चार शून्यांची स्टीलवूल, तेलासकट आणि हलक्या हाताने. पितळी भागांना चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नका. आम्ल लाकडाच्या फटीत जाऊन बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात पांढरं-हिरवं होऊन बाहेर येतं.

ठेवण्याबद्दल. मऊ चामड्याची किंवा फ्लॅनेलची पिशवी दिसायला छान, पण मुंबईत ती ओल धरून बसते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो. कुलूपबंद लोखंडी कपाट घ्या, पश्चिमेच्या किंवा बाथरूमच्या भिंतीपासून दूर, मागे दोन बोटं हवा. आत निळी सिलिका जेल ठेवा. ती गुलाबी झाली की १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा निळी होते. एक छोटा आर्द्रतामापक आत टांगा. आतली आर्द्रता साधारण ५० टक्के असावी. त्याहून फार खाली नेऊ नका, लोखंडाला चालेल पण फुगलेलं लाकूड झपाट्याने आकसून लॉकमागे चिरतं. कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून छायाचित्रकार वापरतात ती विजेवरची कोरडी कपाटं लांब मापात मिळाली तर उत्तमच. धातूवर शेवटचा हात मेणाचा द्या. संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण तेलासारखं ओघळत नाही आणि बोटांचा घाम लोखंडापर्यंत पोचू देत नाही. तरीही हाताळताना हातमोजे घाला. मुंबईकराच्या बोटाचा ठसा ऑगस्टमध्ये चोवीस तासांत लाल उमटतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याचं शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगतात, ते परत मिळायला महिना-दोन महिने जातात. जमा करायच्या आदल्या रात्री नळीत आणि लॉकवर नेहमीपेक्षा घट्ट तेल लावा, तोंडाला कपड्याचा सैल बोळा बसवा आणि त्याला लाल दोरी बांधा, म्हणजे परत आल्यावर तो काढायचा विसर पडणार नाही. परत आल्याच्या दिवशीच पूर्ण साफ करा.

दस्त्याला पॉलिश मारू नका, घासू नका. ओलसर कपड्याने मळ पुसा, सुकल्यावर मेण. फारच कोरडं दिसलं तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहाताने रगडा आणि जास्तीचं लगेच पुसा. ते पुसलेलं फडकं चुरगाळून टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेतात. ते पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून सुकवा. पावसाळा संपताना दस्त्याखाली पिठासारखी भुकटी दिसली तर लाकडात भुंगा आहे.

ही उडवावी का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. नळीचे शेवटचे दोन-तीन इंच, बुडाजवळचे, सगळ्यात जास्त खड्डे पडलेले असतात आणि तिथेच सगळ्यात जास्त दाब येतो. ते आतून न पाहता कुणी ‘चालेल’ म्हणालं तर त्याचं ऐकू नका. माझ्या मते एवढ्या वयाची, मधला इतिहास माहीत नसलेली नळी उडवू नये. अर्धा घोडा दुरुस्त करून घ्या, मार्ग मोकळा करा, निपलवर चामड्याचा तुकडा ठेवून घोडा त्यावर टेकवा आणि ती तशी ठेवा.

आणि दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगायची इच्छा असेल तर, बार काढून झाल्यावरही, ती भिंत आणि ती जागा नको. परवान्याचं शस्त्र कुलपात हवं. त्या भिंतीवर आजोबांचा फोटो लावा, आणि हवं तर गजावरच्या त्या दोन खुणांची मापं त्याच्या मागे लिहून ठेवा.